एकोणसाठ दिवसांचा डाग

आठव्या निगेटिव्हच्या मध्यरेषेवर एक गोल डाग आहे. वाटाण्याएवढा, कडा विरलेला. निगेटिव्हवर तो काळा दिसतो, म्हणून छापावर पांढरा उमटतो. नांदेडच्या एका दुकानात हे रीळ स्कॅन करायला नेले, तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, “काका, हा डाग दोन मिनिटांत काढून देतो. कळणारसुद्धा नाही.” त्याचा हेतू चांगला होता, पण मी त्याला थांबवले. कळणार नाही, हीच तर अडचण होती.

जुन्या फोटोत प्रकाश कुठे जास्त, कुठे कमी पडलेला दिसला की आपण तो दोष धरतो आणि पुसायला बसतो. पण तो प्रकाश खराच त्या फिल्मवर पडला होता. कुठून पडला, केव्हा पडला, किती वेळ पडला, याची खूण तिथे राहिली आहे. ती वाचून होईपर्यंत तिला हात लावू नये, असे माझे मत या एका रिळाने पक्के केले. ते कसे, हे पुढे मांडतो.

हाताशी काय आहे

साधने तीन. पहिले साधन म्हणजे बारा निगेटिव्ह. चार-चारच्या तीन पट्ट्या, प्रत्येक चित्र सुमारे ५६ मिलिमीटर चौरस. १२० क्रमांकाच्या रिळावरचे, ज्याला आपण ‘सहा बाय सहा’ म्हणतो ते माप. दुसरे साधन एक घडीचा जर्मन कॅमेरा. झाकण उघडले की भाता पुढे सरकतो आणि ७५ मिलिमीटरचे भिंग शटरसकट उभे राहते. तिसरे साधन माझ्या आजोबांची खर्चाची वही.

आजोबा नांदेडला शिक्षक होते, आजी लातूरची. वहीची दोन पाने या रिळाशी जुळतात. एका पानावर मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीखाली माळेगावच्या यात्रेचा खर्च आहे आणि ‘फोटो, कंधारी जोडी, देवणी जोडी’ अशी नोंद आहे. दुसऱ्या पानावर महाशिवरात्रीखाली लातूर, सिद्धेश्वराची यात्रा आणि त्याखाली चार ओळी सोडून ‘रीळ धुलाई’. वर्ष कुठेही नाही. वहीचा पुठ्ठा आणि सुरुवातीची पाने गेलेली आहेत.

हीच चित्रे या कॅमेऱ्याने काढली, हे कशावरून? कॅमेऱ्याच्या आत जी पत्र्याची चौकट फिल्मवर चित्राची हद्द आखते, तिच्या एका कोपऱ्यात खिळ्याच्या टोकाएवढी खाच आहे. बाराही निगेटिव्हच्या त्याच कोपऱ्यात तेवढाच काळा दात उमटला आहे. कारखान्यातून एकाच नमुन्याचे हजारो कॅमेरे बाहेर पडत असतील, पण ही खाच या एकाच कॅमेऱ्याची आहे.

वर्षाचा अंदाज पैशांवरून लागतो. वहीत दोन नाणी शेजारीशेजारी नांदतात, ‘हाली’ आणि ‘कलदार’. हाली म्हणजे निजामाच्या राज्याचा हाली शिक्का, कलदार म्हणजे हिंदुस्थान सरकारचा रुपया. सात हालीला सहा कलदार, हा भाव. सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५० मध्ये भारतीय रुपया तिथे हालीच्या जोडीने अधिकृतपणे चालू झाला, १९५१ मध्ये हाली काढणे बंद झाले आणि १९५९ मध्ये त्याचे चलन संपले. कलदार आधीही व्यापाऱ्यांच्या हाती असे. पण इथे तो एका शाळामास्तराच्या मेथी-वांग्यांच्या हिशेबात दिसतो, म्हणजे तो घरोघरी पोचला होता. शिवाय सगळा हिशेब आणे-पैचा आहे आणि दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला. त्यामुळे हे रीळ १९५० ते १९५७ मधल्या एखाद्या हिवाळ्यातले, आणि हालीचा वापर पाहता त्यातल्या आरंभीच्या वर्षांतले, असे म्हणता येते.

म्हणून या चित्रांखाली ‘नांदेड जिल्हा, लातूर जिल्हा, महाराष्ट्र’ असे लिहिणे चुकीचे ठरेल. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि दोन्ही गावे हैदराबाद राज्यात. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी आणि लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ रोजी.

काठ काय सांगतो

आता प्रकाशाकडे वळतो. या रिळावर कमी-जास्त प्रकाशाच्या निदान पाच वेगवेगळ्या खुणा आहेत. त्यांची सरमिसळ केली तर काहीच हाती लागत नाही. वेगळ्या करायच्या तर पहिला प्रश्न एकच: खूण चित्राच्या चौकटीत थांबते, की चौकटीबाहेरच्या कोऱ्या काठावरही पसरते?

खूण चौकटीच्या रेषेवर अचानक तुटली असेल, तर प्रकाश पुढून आला. भिंग, शटर किंवा भाता यांतून येणाऱ्या प्रकाशाला चौकटीतूनच जावे लागते. खूण काठावर चढली असेल, तर प्रकाश मागून किंवा बाजूने आला. मागचे दार नीट बसत नसेल, बिजागरी सैल असेल किंवा रीळ बाहेर काढल्यावर उजेड लागला असेल. खूण दोन चित्रांमधल्या मोकळ्या जागेतूनही अखंड धावत असेल, तर कॅमेऱ्याला दोष देऊ नये. ते बहुतेक डार्करूममध्ये घडलेले असते.

या तिसऱ्या प्रकारची खूण या रिळावर आहे. तिन्ही पट्ट्यांच्या एकाच लांब काठालगत तीन-चार मिलिमीटरची फिकट पट्टी धावते, चित्रांतूनही आणि मधल्या मोकळ्या जागांतूनही. डब्यात डेव्हलपर थोडा कमी पडला आणि फिल्मची वरची कड पुरती बुडाली नाही, की नेमके असेच होते. फिल्मवरचे जिलेटिन मात्र गुळगुळीत आहे. डेव्हलपर साधारण २० अंश सेल्सिअसला वापरायचा असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी त्याच्या कितीतरी वर जाते, जिलेटिन फुगते आणि त्याला सुरकुत्या पडतात. त्यासाठीच उष्ण मुलखासाठीच्या डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालत. इथे सुरकुती नाही. महाशिवरात्रीनंतर लगेच, ऊन तापण्याआधी रीळ धुतले गेले, या वहीतल्या नोंदीला ही गोष्ट धरून आहे.

बाराव्या चित्राच्या दोन्ही काठांवर उजेड आत घुसला आहे आणि मागे मागे तो कमी होत जातो. कोऱ्या रिळात पहिले चित्र बाहेरच्या वेढ्यात असते, काढून झालेल्या रिळात शेवटचे. उजेड बाराव्याला लागला, म्हणजे रीळ काढून झाल्यावर सैल गुंडाळलेले राहिले. पहिल्याला लागला असता, तर दोष विकत घेतानाच्या रिळाकडे गेला असता.

चारही कोपरे थोडे अंधारे आहेत, पण तो बिघाड नव्हे. भिंगातून तिरपा जाणारा प्रकाश मध्यापेक्षा कोपऱ्यात कमी पडतो. ७५ मिलिमीटरचे भिंग आणि सहा बाय सहाचे चित्र यांचा हिशेब केला, तर कोपऱ्यात मध्याच्या सुमारे ६० टक्के प्रकाश पोचतो. असा अंधार बाराही चित्रांत सारखाच असायला हवा, आणि तो तसाच आहे.

अकरावी आणि बारावी निगेटिव्ह देवळाच्या मंडपातल्या आहेत. दोन्ही सगळीकडून सारख्याच दाट झाल्या आहेत. या कॅमेऱ्याचे शटर भिंगातच आहे. तिथे पाती उघडतात आणि मिटतात, त्यामुळे शटर चुकले तर सबंध चित्रच दाट किंवा विरळ होते, पट्टा कधी पडत नाही. पट्टा पडतो तो फिल्मसमोरून सरकणाऱ्या पडद्याच्या शटरमध्ये, कारण पडदा सगळीकडे एका वेगाने धावला नाही की एका बाजूला प्रकाश जास्त पडतो. हॅसलब्लाडने १९४८ मध्ये आणलेल्या १६००एफ या कॅमेऱ्याला अशा पडद्याने पुष्कळ त्रास दिला. १९५७ च्या ५००सी मध्ये त्यांनी शटर भिंगात नेले.

आजोबांच्या कॅमेऱ्याचे शटर मी मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींच्या वेगाने टिपून पाहिले. १/२५ सेकंदाला ते साधारण १० चौकटी उघडे दिसायला हवे होते, ते १६ चौकटी उघडे राहिले. म्हणजे प्रत्यक्षात १/१५. १/१०० ला मात्र ते चोख चालते. मंद वेगासाठी शटरमध्ये घड्याळासारखी दात्यांची चक्रे असतात आणि तेल वाळून ती जड होतात. आजचे शटर त्या दिवशीचा पुरावा होत नाही. पण अंधाऱ्या मंडपात मंद वेग लागलाच असणार आणि नेमकी तीच दोन चित्रे दाट झाली आहेत. ही चक्रे तेव्हाच जड होऊ लागली होती, असे बहुधा म्हणता येईल.

लाल काच

आता आठव्या चित्रावरचा डाग. निगेटिव्ह कॅमेऱ्याच्या उघड्या पाठीत, चौकटीवर ठेवली आणि दार हळूच मिटत आणले. डाग बरोबर मागच्या लाल काचेसमोर आला. भिंगाखाली पाहिले तर डागाच्या पोटात पुसटसा ‘८’ दिसतो. उजेड काचेतून आला, कागदातून झिरपला आणि कागदावर छापलेल्या आकड्याची सावली मागे ठेवून गेला.

या काचेला इतिहास आहे. फिल्मच्या पाठीला काळा कागद, त्यावर आकडे आणि आकडा पाहायला कॅमेऱ्याला लाल खिडकी, ही युक्ती १८९२ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या सॅम्युएल टर्नरने ‘बुल्स-आय’ कॅमेऱ्यात आणली. १८९५ मध्ये ईस्टमनने त्याचा कारखाना घेतला आणि १९०१ मध्ये कोडॅकने १२० क्रमांकाचे रीळ काढले तेही याच पद्धतीचे. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून लाल काच निर्धोक होती. पुढे सगळे रंग ओळखणारी पँक्रोमॅटिक फिल्म आली. खिडकी लालच राहिली, पण तिचे संरक्षण संपले. म्हणून नंतरच्या कॅमेऱ्यांना काचेवर सरकते झाकण आले. आजोबांच्या कॅमेऱ्याला ते आहे, पण त्याची स्प्रिंग गेली आहे आणि झाकण आपोआप घसरते.

मग हे रीळ पँक्रोमॅटिक होते का? याचे उत्तर चौथ्या चित्रात उभे आहे. माळेगावच्या बाजारात दोन जोड्या शेजारी बांधल्या आहेत. वही सांगते की एक लाल कंधारी, दुसरी देवणी. कंधारी बैल गडद तांबडा, देवणी काळी-पांढरी. लाल न ओळखणाऱ्या फिल्मवर कंधारीचे अंग देवणीच्या काळ्या ठिपक्यांइतकेच काळे पडले असते. इथे ते स्वच्छ राखाडी आहे, बरगड्यांवरची चमकसुद्धा दिसते. फिल्मला लाल दिसत होते. बैलाचे अंग ज्या कारणाने नीट उमटले, त्याच कारणाने आठव्या चित्रावर डाग पडला. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन खुणा एकच गोष्ट सांगू लागल्या, तेव्हा मला पहिल्यांदा पायाखाली जमीन लागल्यासारखे वाटले.

आता क्रम पाहू. एक ते सात माळेगाव: खंडोबाचे देऊळ, घोडे, गाढवांचा बाजार, उंट. आठ ते बारा लातूर. आठवे चित्र आजीच्या माहेरच्या ओसरीवरचे. नववे गंजगोलाईचे, १९१७ मधली ती गोल दुमजली इमारत आणि तिच्याकडे येणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी दोन. डाग फक्त आठव्यावर आहे, म्हणजे खिडकीत बराच काळ राहिला तो ‘८’ हाच आकडा. सातवा फोटो झाल्यावर आजोबांनी लगेच रीळ पुढे फिरवले होते. फोटो काढण्याआधी फिरवायची सवय असती, तर डाग सातव्यावर आला असता. एका माणसाच्या बोटांची सवय अशी कळते.

कॅमेरा तासभर कडक उन्हाकडे पाठ करून राहिला, तरी असा डाग पडू शकतो, म्हणून नुसत्या डागावरून दिवस मोजता येत नाहीत. दिवस देते पंचांग. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी ते महाशिवरात्र, म्हणजे माघ वद्य चतुर्दशी, हे बरोबर दोन चांद्र महिन्यांचे अंतर, ५९ दिवस. माळेगावची यात्रा चार-पाच दिवस चालते. ते वजा केले तरी आठवी चौकट दीड महिन्याहून कितीतरी अधिक काळ त्या काचेमागे, कोरी, वाट पाहत होती. डागाची विरलेली कडही उन्हाच्या थेट तिरिपेपेक्षा घरातल्या मंद, चहूकडून येणाऱ्या उजेडाशी जुळते. कॅमेरा बहुधा पेटीत नव्हता, एखाद्या कोनाड्यात किंवा फळीवर होता.

भाता

शेवटची खूण चौकटीच्या आतली आहे. चित्राच्या वरच्या बाजूला, आभाळात, पांढुरका फराटा. फिल्मवर चित्र उलटे पडते. वरून ऊन येऊन भात्याच्या माथ्यावरच्या छिद्रातून शिरले, तर ते चौकटीच्या खालच्या भागात पडते आणि छापावर आभाळात दिसते.

अंधाऱ्या खोलीत भात्यात छोटी बॅटरी सोडली. घड्यांच्या कोपऱ्यांवर चार ठिणग्या चमकल्या, म्हणजे चार छिद्रे. मग चौकटीवर बटर पेपर ताणला, डोक्यावर काळे कापड घेतले आणि कॅमेरा उन्हात धरला. चार छिद्रांचे चार ठिपके कागदावर पडले. त्यांतला एकच निगेटिव्हवरच्या फराट्याच्या जागी येतो. उरलेल्या तिघांची खूण बारांपैकी एकाही चित्रात नाही. म्हणजे त्या हिवाळ्यात भात्याला एकच छिद्र होते, बाकीची तीन नंतरची. भात्याच्या झिजेला अशी तारीख मिळते.

फराटाही सगळ्या चित्रांत सारखा नाही. तिसऱ्या आणि दहाव्यात तो ठळक आहे, पाचव्या-सहाव्यात मुळीच नाही. भाता मिटलेला असताना या छिद्रातून काही शिरत नाही. शिरते ते कॅमेरा उघडून उन्हात उभे राहिल्यावर, आणि जितका वेळ उभे राहावे तितके जास्त. पाचवे-सहावे चित्र राहुटीतले आहे, तिथे ऊन नाही. तिसऱ्यात मागचे पाय उचललेला घोडा आहे. दहाव्यात गच्चीवर अकरा माणसे आहेत, पुढच्या रांगेत चार मुले. उन्हाची दिशा आणि वेळ यांचा हिशेब वेगवेगळा लावता येत नाही, हे मान्य. तरी घोडा उभा राहीना आणि मुले बसेनात, तेव्हा आजोबा कॅमेरा उघडा धरून थांबले होते, हा अर्थ या खुणेला सगळ्यांत सरळ लागू पडतो.

भाता हा शब्द लोहाराकडे आहे, बाजाच्या पेटीत आहे आणि कॅमेऱ्यातही आहे, आणि तो दुरुस्त करणारे हातही कधी कधी एकच असत. केरळात अलप्पुळ्याला १९४० च्या दशकात वाद्यदुरुस्तीच्या एका दुकानात कॅमेऱ्याचा फाटका भाता नीट करायला आला. त्यातूनच पुढे के. करुणाकरन यांचा ‘वागीश्वरी’ हा लाकडी कॅमेरा जन्मला आणि देशभरातल्या स्टुडिओंत गेला. मी स्वतः भात्याला आतून काळ्या पातळ कापडाचे तुकडे लावले आहेत आणि लाल काचेवर बाहेरून काळी पट्टी चिकटवली आहे, आकडा पाहण्यापुरती उचलायची. कॅमेरा पुन्हा चालतो. पण हे सगळे निगेटिव्ह वाचून झाल्यावर.

काय हाती आले

एवढ्यावरून एक हिवाळा उभा राहतो. एक शिक्षक माळेगावला जातो, सात फोटो काढतो, घोड्यासाठी उन्हात थांबतो. सातवा झाला की सवयीने रीळ पुढे फिरवतो. उरलेल्या पाच चौकटी तो नांदेडच्या घरात कशावरही खर्च करत नाही. दोन महिन्यांनी लातूरला गेल्यावर पहिली चौकट तो आजीला देतो, तिच्या माहेरच्या ओसरीवर. ‘राखून ठेवली होती’ असे वहीत कुठे लिहिलेले नाही. पण मधल्या ५९ दिवसांत एकही फोटो नाही, आणि आठव्या चौकटीच्या मध्यावर त्या थांबण्याची गोल मोहोर आहे.

मराठवाड्यात अशी रिळे पेट्यांतून, पत्र्याच्या डब्यांतून अजून पडून आहेत, आणि दर पावसाळ्यात ती कमी होतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. घरांसोबत त्या घरांतल्या भिंतींवरचे फोटोही ढिगाऱ्यात गेले. त्या भागातल्या कुणाच्या हाती एक निगेटिव्ह जरी उरली असेल, तरी ती काठासकट जपावी. पट्ट्या कापू नयेत, क्रम मोडू नये, आकडे आणि मोकळ्या जागा दिसतील अशाच स्कॅन कराव्यात. साफसूफ करायचीच असेल तर वेगळी प्रत करावी.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा घेऊन त्या दुकानात गेलो. आठवी निगेटिव्ह चौकटीवर ठेवून त्या मुलाला दाखवली. डाग लाल काचेवर बसला तेव्हा तो वाकून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “काका, सगळ्याच काठासकट परत करू.” सगळ्या पट्ट्या त्याने पुन्हा केल्या, पैसे न घेता. त्याने संगणकावर आठव्या फाइलला दिलेले नाव मी तसेच राहू दिले आहे: ‘लातूर, ओसरी. डाग काढू नये.’